मोडीत निघालेला हेडसेट आणि लिनक्सची दुरुस्ती

डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधून लवकरच काढून टाकायच्या सोयींच्या यादीत आणखी एक नाव घातलं: ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’. २०१७ पासून एचपी, एसर, लेनोवो, डेल, सॅमसंग अशा कंपन्यांनी या व्यवस्थेवर चालणारे व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचे, हेडसेट विकले होते. एचपीचा ‘रिव्हर्ब जी२’ तर २०२० च्या शेवटी बाजारात आला होता. प्रत्येक डोळ्यासमोर २१६० बाय २१६० ठिपक्यांचा पडदा आणि किंमत सुमारे ६०० डॉलर. मायक्रोसॉफ्टच्या त्या यादीनंतरच्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, विंडोज ११ ची ‘२४एच२’ ही आवृत्ती आली. ज्यांनी ती घेतली, त्यांच्या संगणकाने हे हेडसेट ओळखणंच बंद केलं. काचा शाबूत, पडदे शाबूत, तारा शाबूत. तरीही यंत्र निकामी झालं, कारण त्याला चालवणारी आज्ञावली मायक्रोसॉफ्टने मागे घेतली होती.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर मात्र तेच हेडसेट चालत राहिले. ‘मोनाडो’ नावाच्या मुक्त प्रणालीत त्यांच्यासाठीचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारी आज्ञावली, स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांतल्या अभियंत्यांनी आधीच लिहून ठेवला होता. तो कोणाच्या परवानगीने चालत नव्हता, म्हणून कोणाच्या निर्णयाने बंदही पडला नाही. विंडोजसाठी पुढे २०२५ मध्ये एका अभियंत्याने वेगळा ड्रायव्हर तयार केला. तोवर या हेडसेटला जिवंत ठेवणारी जागा लिनक्स हीच होती.

व्हीआर हा महानगरातल्या मॉलमधला, श्रीमंत घरांतला खेळ, असा एक समज आहे. लिनक्सवरचं व्हीआर म्हणजे त्यातही मूठभर हौशी लोकांचा उद्योग. पण ही गोष्ट बीड जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावातून पाहिली, तर तिचं महत्त्व वाढतं. अष्टविनायकातली रायगडची पाली वेगळी. ही पाली बीड शहराच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावर, बिंदुसरा धरणाच्या शेजारी आहे. विहिरीवरची मोटार जळाली की ती फेकायची नसते, भरून आणायची असते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. घेतलेली वस्तू शेवटपर्यंत वापरायची, ती उघडता आणि दुरुस्त करता आली पाहिजे, ही इथली साधी अपेक्षा. संगणकाच्या जगात ती अपेक्षा पुरी करणारी व्यवस्था म्हणजे लिनक्स. आणि व्हीआर हे त्या व्यवस्थेपुढचं गेल्या दहा-बारा वर्षांतलं सर्वांत अवघड काम होतं.

हे काम अवघड का, ते समजण्यासाठी हेडसेटच्या आत डोकवावं लागतं. डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे असतात आणि त्यांच्यापुढे भिंगं. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळं चित्र दाखवलं की मेंदू त्यातून खोली, म्हणजे जवळ-लांबचं अंतर, उभं करतो. खरी कसोटी मान वळवल्यावर लागते. मान वळली की चित्रही त्याच क्षणी वळलं पाहिजे. हालचाल आणि बदललेलं चित्र यांच्यातलं अंतर २० मिलिसेकंदांच्या आत राहिलं, तर बहुतेकांना ते जाणवत नाही. त्याहून वाढलं तर डोळे एक सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरंच सांगतो. मग मळमळ सुरू होते. घाटात गाडी लागते त्याचं कारणही हेच.

म्हणून व्हीआरमध्ये चित्र सेकंदाला साधारण ९० वेळा बदलतं. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी संगणकाच्या हाती फक्त ११ मिलिसेकंद असतात. तेवढ्या वेळात डोकं कुठे आहे, कुठल्या दिशेला वळलं आहे हे जाणायचं, दोन्ही डोळ्यांची चित्रं रंगवायची आणि पडद्यावर पोहोचवायची. साध्या पडद्यावरच्या खेळात एखादं चित्र उशिरा आलं तर खेळणारा कुरकुरतो. व्हीआरमध्ये तो हेडसेट काढून बाजूला ठेवतो.

डोक्याची जागा ओळखण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. २०१६ चा ‘एचटीसी व्हाइव्ह’ आणि २०१९ चा ‘व्हॉल्व्ह इंडेक्स’ हे हेडसेट खोलीच्या कोपऱ्यांत बसवलेल्या पेट्यांवर अवलंबून असतात. या पेट्या डोळ्यांना न दिसणारे लेझर किरण खोलीभर फिरवतात. किरण हेडसेटवरच्या कुठल्या संवेदकावर नेमका कधी पडला, यावरून जागा मोजली जाते. दुसऱ्या पद्धतीत हेडसेटवरच कॅमेरे असतात. ते भिंतीचे कोपरे, खिडकीच्या चौकटी, कपाटाच्या कडा अशा खुणा पकडतात आणि त्या खुणा कशा सरकल्या यावरून डोक्याची हालचाल ठरवतात. आजचे बहुतेक हेडसेट दुसऱ्या पद्धतीचे आहेत. मात्र या पद्धतीला खोलीत पुरेसा उजेड लागतो आणि अगदी कोरी, एकरंगी भिंत तिला चालत नाही.

लिनक्सची आणि व्हीआरची पहिली ओळख चांगली झाली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये पामर लकी या अमेरिकी तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले आणि सुमारे २४ लाख डॉलर जमले. सुरुवातीच्या काळात ऑक्युलसने प्रोग्रॅमरांसाठी दिलेली साधनं लिनक्सवरही चालत. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी घेतली. मे २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की लिनक्स आणि मॅकवरचं काम थांबवून सगळा भर विंडोजवर दिला जाईल. ते काम पुन्हा सुरू झालंच नाही.

दार पुन्हा उघडलं ते ‘व्हॉल्व्ह’ या खेळ बनवणाऱ्या आणि ‘स्टीम’ हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या कंपनीने. आपलं सगळं दुकान मायक्रोसॉफ्टच्या जमिनीवर उभं आहे, ही काळजी तिचे प्रमुख गेब न्यूएल २०१२ पासून उघडपणे बोलून दाखवत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉल्व्हने ‘स्टीमव्हीआर’ या आपल्या व्हीआर-प्रणालीची चाचणी आवृत्ती लिनक्सला दिली. ती चालू लागताच एक मूलभूत अडचण पुढे आली. लिनक्सचा डेस्कटॉप हेडसेटला आणखी एक मॉनिटर समजत होता. त्यावर तो खिडक्या पसरायचा, पट्ट्या दाखवायचा, आणि प्रत्येक चित्र आपल्या हातून पुढे पाठवायचा. त्या फेऱ्यात मोलाचे मिलिसेकंद जात.

हा गुंता सोडवण्यासाठी व्हॉल्व्हने कीथ पॅकार्ड यांना काम दिलं. लिनक्सवरच्या खिडक्या ज्या ‘एक्स’ प्रणालीवर उभ्या राहिल्या, तिच्या घडणीत त्यांचा कित्येक वर्षांचा हात होता. त्यांनी मार्ग काढला तो असा: हेडसेट हा डेस्कटॉपसाठी नाही, हे लिनक्सच्या गाभ्यानेच, म्हणजे कर्नलने, ओळखायचं आणि व्हीआर चालू असेतो तो पडदा पूर्णपणे व्हीआरच्या प्रोग्रॅमच्या हवाली करायचा. मध्ये कोणीही येणार नाही. हा बदल जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५ मध्ये दाखल झाला. पण तोवर लिनक्सचं जग जुन्या ‘एक्स’कडून ‘वेलँड’ या नव्या प्रणालीकडे सरकू लागलं होतं, त्यामुळे तेच काम तिथे पुन्हा करावं लागलं. केडीईच्या ‘प्लाझ्मा ५.२४’ या डेस्कटॉपवर ते फेब्रुवारी २०२२ मध्ये पोहोचलं आणि ‘ग्नोम’ या दुसऱ्या डेस्कटॉपवर त्यानंतर. एका कंपनीच्या आदेशाने जे एका दिवसात झालं असतं, त्याला इथे कित्येक वर्षं लागली. मुक्त व्यवस्थेत अनेकांचं एकमत व्हावं लागतं, त्याची ही किंमत आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मात्र एकदा झालेलं काम कोणाला मागे घेता येत नाही.

दुसरा अडथळा होता तो प्रत्येक हेडसेटची भाषा वेगळी असण्याचा. खेळ बनवणाऱ्याला ऑक्युलससाठी एक, व्हाइव्हसाठी दुसरी, मायक्रोसॉफ्टसाठी तिसरी अशी वेगवेगळी जुळणी करावी लागे. ‘क्रोनोस’ या संस्थेने जुलै २०१९ मध्ये ‘ओपनएक्सआर १.०’ हे सर्वांसाठी खुलं मानक जाहीर केलं आणि मोठ्या कंपन्यांनी ते हळूहळू स्वीकारलं. खेळाने ओपनएक्सआरशी बोलायचं, ओपनएक्सआरची जुळणी ज्या प्रणालीने केली आहे तिने हेडसेटशी बोलायचं, अशी कामाची वाटणी झाली.

त्याच वर्षी ‘कोलॅबोरा’ या कंपनीतल्या अभियंत्यांनी ‘मोनाडो’ पुढे आणलं. ओपनएक्सआर समजणारी आणि पूर्णपणे मुक्त असलेली ही प्रणाली. याआधी ‘ओपनएचएमडी’ या प्रकल्पातल्या लोकांनी हेडसेटच्या तारेतून काय वाहतं ते निरखून, कंपन्यांची कुठलीही मदत नसताना, ड्रायव्हर लिहिले होते. लेझरवाल्या हेडसेटसाठी ‘लिबसर्व्हाइव्ह’ नावाचा असाच प्रकल्प उभा राहिला होता. हे सारं ज्ञान मोनाडोच्या कामी आलं. कॅमेऱ्यांवरून जागा ओळखण्यासाठी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात जन्मलेली ‘बाझाल्ट’ ही प्रणाली घेतली गेली आणि अर्जेंटिनाच्या मातेओ दे मायो यांनी ती मोनाडोला जोडण्याचं मोठं काम केलं. मायक्रोसॉफ्टने सोडून दिलेले हेडसेट लिनक्सवर खोलीभर चालतात ते याच जोरावर. हातातल्या कंट्रोलरचा माग काढण्याचं काम मात्र या हेडसेटसाठी अजून कच्चं आहे.

हेडसेट चालला, पण खेळांचं काय? बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. त्यासाठीची खटपट लिनक्सच्या जवळजवळ जन्मापासूनची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं आणि १९९३ मध्ये ‘वाइन’ हा प्रकल्प सुरू झाला. विंडोजचा प्रोग्रॅम जे मागतो, ते लिनक्सच्या भाषेत फिरवून त्याला पुरवायचं, हे वाइनचं काम. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेलं ‘प्रोटॉन’ स्टीममध्ये घातलं. ‘डीएक्सव्हीके’ या जोडप्रणालीने विंडोजची चित्रं रंगवण्याची भाषा ‘व्हल्कन’ या खुल्या भाषेत बदलून दिली. त्यानंतर स्टीमवरचे हजारो खेळ, घेणाऱ्याने काहीही न करता, लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेलं ‘स्टीम डेक’ हे हातात धरायचं खेळयंत्र तर लिनक्सवरच चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला.

व्हीआरच्या खेळांनाही याचा फायदा मिळाला. ‘बीट सेबर’ या चेक प्रजासत्ताकात बनलेल्या खेळात गाण्याच्या ठेक्यावर उडत येणारे ठोकळे तलवारींनी कापायचे असतात. तो प्रोटॉनवर चालतो. आभासी भेटीगाठींचं ‘व्हीआरचॅट’ही चालतं. व्हॉल्व्हचा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा मार्च २०२० मधला खेळ आजही व्हीआरमधला सर्वांत गाजलेला मानला जातो. त्याची खास लिनक्ससाठीची आवृत्ती दोनच महिन्यांत आली. मात्र त्याला संगणकावर सुमारे ६७ जीबी जागा लागते, आणि गावातल्या मोबाइल डेटावर तेवढं उतरवायचं म्हणजे कित्येक दिवसांचं काम.

आज सर्वांत जास्त दिसणारे हेडसेट म्हणजे मेटाचे, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकचे, ‘क्वेस्ट’. २०२० चा क्वेस्ट २, २०२३ चा क्वेस्ट ३ आणि २०२४ चा क्वेस्ट ३एस. त्यांच्या पोटात अँड्रॉइडपासून घडवलेली प्रणाली आहे, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे क्वेस्ट डोळ्यांवर चढवणारा प्रत्येक जण नकळत लिनक्स वापरत असतो. तरीही संगणकावरचं व्हीआर त्यावर आणण्याची मेटाची अधिकृत सोय फक्त विंडोजसाठी आहे.

ही उणीव दोन मुक्त प्रकल्पांनी भरून काढली. ‘एएलव्हीआर’ हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. तो स्टीमव्हीआरचं चित्र वायफायवरून हेडसेटला पाठवतो. ‘वायव्हर्न’ हा त्याच्या नंतरचा. तो मोनाडोवर उभा आहे, त्यामुळे त्यात स्टीमव्हीआरची मधली पायरी लागत नाही. लिनक्सवर व्हीआर वापरणारे अनेक जण आज त्यालाच पहिली पसंती देतात. लिनक्सचा अवतार उबंटू असो की फेडोरा, ‘फ्लॅटपॅक’ या तयार संचाच्या रूपात तो काही मिनिटांत बसवता येतो.

यात गावाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. हे चित्र घरातल्या घरात फिरतं. संगणकाकडून राउटरकडे, राउटरकडून हेडसेटकडे. खेळ एकदा उतरवून घेतला की चित्र पोहोचवायला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. लागतो तो चांगला, ५ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर. संगणक त्याला केबलने जोडलेला असावा आणि हेडसेट त्याच खोलीत असावा. एवढं केलं तर पालीतल्या घरात आणि पुण्यातल्या घरात चित्रात फरक पडत नाही. विजेचा प्रश्न वेगळा. खेळाच्या ऐन मध्यात वीज गेली तर संगणक सुरक्षित बंद करण्याइतका वेळ देणारा यूपीएस हवाच.

खर्चाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. शाळेत किंवा महा-ई-सेवा केंद्रात असतो तसा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक व्हीआरच्या खेळांना पुरत नाही. लिनक्स टाकल्याने तो वेगवान वाटेल, पण ११ मिलिसेकंदांत दोन मोठी चित्रं रंगवण्याची ताकद त्याच्यात येणार नाही. व्हाइव्हच्या काळात किमान गरज एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स ९७०’ किंवा त्या तोडीच्या कार्डाची सांगितली जाई. आजच्या हेडसेटच्या पडद्यांवर कितीतरी जास्त ठिपके आहेत, म्हणून त्याहून ताकदीचं कार्ड लागतं.

कार्ड निवडतानाही लिनक्सवर वेगळा विचार करावा लागतो. एएमडीच्या कार्डांचे मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आणि ‘मेसा’ या आज्ञावलींच्या संचात आधीपासून असतात. काहीही न शोधता ते चालू लागतात आणि व्हीआरमध्ये त्यांचा त्रास कमी आहे. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण बाकीचा मोठा भाग बंदच आहे, आणि व्हीआरमधल्या अडचणी तिथे जास्त येतात. स्टीमव्हीआरची लिनक्स आवृत्तीही विंडोजइतकी घोटलेली नाही. अद्ययावत केल्यावर कधी एखादी सोय बंद पडते, कधी चित्र अडखळतं. ज्याला फक्त खेळायचं आहे आणि यंत्रात हात घालायची आवड नाही, त्याला लिनक्सवरचं व्हीआर आजही थोडं जड जाईल.

पण व्हीआर खेळण्यापुरतंच नाही. ठाण्याची ‘आज्ञालेन्स’ ही कंपनी पंकज राऊत, अभिजित पाटील आणि अभिषेक तोमर यांनी २०१४ मध्ये सुरू केली. कामगारांचं प्रशिक्षण आणि संरक्षण क्षेत्र यांसाठी ती हेडसेट बनवते. वेल्डिंग किंवा रंगकाम शिकणाऱ्याने पत्रा आणि रंग वाया न घालवता आधी आभासी जगात हात बसवावा, हा या तंत्राचा जगभर रुळलेला उपयोग आहे. बीडसारख्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. हातात दुसरं कसब देणारं प्रशिक्षण जिथे सर्वांत जास्त हवं, त्या जागांमध्ये हा जिल्हा येतो. ते प्रशिक्षण परवान्याच्या वार्षिक भाड्यावर चालणार की खुल्या साधनांवर, हा खर्चाचा प्रश्न आहे आणि तो आधीच विचारायला हवा.

पालीच्या परिसरात याहून जवळचं, हाताशी असलेलं एक कामही आहे. बीडकडून पालीकडे येताना महामार्गालगत खजिना विहीर लागते. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार होता, असं मानलं जातं. विहिरीला भूमिगत बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून ते कुठल्याही मोटेशिवाय, केवळ उताराने, शेतांकडे जातं. दुष्काळी जिल्ह्यातली पाण्याची ही अभियांत्रिकी शाळेतल्या मुलांना आतून पाहता आली पाहिजे, आणि बोगद्यात प्रत्यक्ष मुलं उतरवणं धोक्याचं आहे. व्हीआरसाठी याहून चांगला विषय सापडणं कठीण.

हे कल्पनेतलं काम नाही. गुजरातमधल्या पाटणच्या ‘राणी की वाव’ या पायविहिरीचं २०११ मध्ये लेझरने त्रिमित मोजमाप झालं. स्कॉटलंडचे तज्ज्ञ, ‘सायआर्क’ ही संस्था आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते केलं होतं. तेव्हा त्यासाठी महागडी यंत्रं आणावी लागली. आज वरच्या, उजेडातल्या बांधकामाची बरी प्रतिकृती साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावरून तयार होते. वास्तूभोवती फिरत, प्रत्येक फोटोचा मोठा भाग पुढच्या फोटोतही येईल अशा बेताने, काहीशे फोटो काढायचे. ‘कोलमॅप’, ‘मेशरूम’ किंवा ‘ओपनड्रोनमॅप’ या मुक्त प्रणाली त्या फोटोंतल्या समान खुणा जुळवून त्रिमित आकार उभा करतात. मेशरूमला पूर्ण तपशिलासाठी एनव्हिडियाचं कार्ड लागतं. ओपनड्रोनमॅप साध्या प्रोसेसरवरही चालतं, फक्त रात्रभर वाट पाहायची तयारी हवी. फोटो काढण्याआधी वास्तूची देखभाल पाहणाऱ्या विभागाची परवानगी घ्यावी आणि अंधाऱ्या बोगद्यांचं काम जाणत्या माणसांवर सोडावं.

मिळालेला आकार ‘ब्लेंडर’ या त्रिमित चित्रांच्या मुक्त साधनात साफ करता येतो. २०२० मधल्या २.८३ या आवृत्तीपासून ब्लेंडरमधलं दृश्य ओपनएक्सआरच्या मदतीने थेट हेडसेटमध्ये पाहण्याची सोय आहे. त्यात पाणी वाहताना दाखवायचं, बोगद्यातून चालत जायचं, जिथे थांबू तिथे मराठीत माहिती ऐकू यायची, असं काही करायचं असेल तर ‘गोडो’ हे खेळ बनवण्याचं मुक्त साधन वापरावं. मार्च २०२३ मधल्या गोडो ४ पासून ओपनएक्सआर त्याच्या गाभ्यातच आहे. ही सगळी साधनं लिनक्सवर फुकट मिळतात आणि त्यांवर बनवलेलं काम ज्याचं त्याचंच राहतं.

आणि हे शिकायला हेडसेट हाताशी असावाच लागतो असं नाही. मोनाडोमध्ये एक खोटा हेडसेट आहे. तो चालू केला की कीबोर्ड आणि माउसने डोकं आणि हात हलवता येतात आणि प्रोग्रॅमला वाटतं, खराच माणूस समोर उभा आहे. छोटी, हलकी दृश्यं घेऊन व्हीआरचा प्रोग्रॅम लिहिण्याचं पूर्ण शिक्षण यावर होऊ शकतं. त्याहून साधी सुरुवात हवी असेल तर २०१४ मध्ये गूगलने दाखवलेला पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आहे. २०१९ मध्ये गूगलने त्याची आज्ञावलीही खुली केली. दोन भिंगं, पुठ्ठा आणि घरातला मोबाइल एवढ्यावर मान वळवून आजूबाजूला पाहता येतं. चालत पुढे जाता येत नाही, पण विहिरीच्या काठावर उभं राहून आत डोकावायला तेवढं पुरतं.

मराठी मुलखाचं लिनक्सशी नातं जुनं आहे. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली आणि इंटरनेट दुर्मीळ असलेल्या त्या काळात देशभरच्या वाचकांच्या हाती ही प्रणाली पहिल्यांदा पडली. त्या प्रयत्नामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियंता झालेले. पुढे बंगळुरूत त्यांनी मुक्त प्रणालींची मोठी परिषद उभी केली. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प लिनक्सचे छोटे दृक्श्राव्य धडे मराठीतून देतो. ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय दाखवता येतात. म्हणजे इंग्रजीची अडचण असलेल्या मुलालाही सुरुवात करायला वाट आहे.

पुढची मोठी घडामोड व्हॉल्व्हकडूनच येते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने ‘स्टीम फ्रेम’ या हेडसेटची घोषणा केली. त्यात मोबाइलसारखा स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे, प्रत्येक डोळ्यासमोर २१६० बाय २१६० चा पडदा आहे, आणि त्यावर चालते स्टीमओएस, म्हणजे उघडउघड लिनक्सच. संगणकासाठी लिहिलेले खेळ मोबाइलच्या प्रोसेसरवर चालवण्यासाठी व्हॉल्व्हने ‘फेक्स’ हा मुक्त प्रकल्प वापरला आहे. मालकाला त्यावर स्वतःची प्रणाली टाकण्याची मुभाही कंपनीने सांगितली आहे. २०१५ मध्ये ज्या लिनक्सला व्हीआरच्या दारातून परत पाठवलं गेलं, ते आता हेडसेटच्या आत बसून येतं आहे. त्यासाठी लिहिलेल्या सुधारणा जुन्या हेडसेटनाही उपयोगी पडतील, कारण त्यांतल्या पुष्कळशा खुल्या आहेत.

तोवर पालीतल्या एखाद्या शाळेला किंवा तरुण मंडळाला यात पाऊल टाकायचं असेल तर क्रम सोपा आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. त्यामुळे बाजूला पडलेले जे संगणक असतील त्यांवर आधी लिनक्स टाकावं आणि ब्लेंडर, गोडो, मोनाडो बसवून मुलांना शिकू द्यावं. दुसऱ्या टप्प्यात चांगल्या कार्डाचा एक संगणक आणि एक राउटर. त्यानंतर हेडसेट, सगळ्यांत एकच, आळीपाळीने वापरायला. दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांहून जास्त नाही, मळमळ वाटली की लगेच थांबणं आणि लहान मुलांसाठी हेडसेट बनवणाऱ्याने दिलेली वयाची अट, एवढे नियम पाळावेत. हेडसेट नवाच हवा असंही नाही. जुन्या बाजारातला चालेल, फक्त पैसे देण्याआधी मोनाडोच्या यादीत त्याचं नाव आहे का आणि त्याचे कंट्रोलर लिनक्सवर नीट चालतात का, हे पाहून घ्यावं.